नापास व्हायला गेलो होतो

आयुष्यात मी एकच परीक्षा अशी दिली, जिच्यात नापास व्हायचं होतं. तीही मला धड जमली नाही. हसा, हसून घ्या. माझी बायको वैशाली त्यावर अजून हसलेली नाही, तेव्हा तिच्या वाटचंही तुम्हीच हसा.

पण आधी आजाराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. एखाद्या ग्रीक जहाजमालकाचं नाव वाटतं ना? रत्नागिरीहून आई फोनवर विचारते, "तुझं ते पाठीचं कसं आहे?" एवढंच. तर ते पाठीचं असं, की मणके आणि कमरेचे सांधे सुजतात, आखडतात आणि हळूहळू एकमेकांना चिकटत जातात. दुखणं म्हणाल तर चोवीस तासांचं. सकाळी पाठ म्हणजे रात्रभर उघडी राहिलेली भाकरी. वाकवायला जाल तर मोडेल. गरम पाण्याखाली बराच वेळ उभा राहिलो की जरा सुटते. मोजे मात्र वैशाली घालते. मी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय पुढे करायचे आणि सासरे पाय धुताना नवरदेव बघतो तसं भलतीकडे बघायचं. रोज सकाळी हा विधी होतो.

मी मरीन इंजिनिअर. अर्धं आयुष्य जहाजांवर काढलं, शेवटी शेवटी चीफ इंजिनिअर होतो. कंबर इंजिनरूमचे जिने चढेना तेव्हा जमिनीवर आलो. आता इथे परदेशात, पाया लेबार भागात एका कंपनीच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या बोटींची इंजिनं सांभाळतो. राहतो पासिर रिसला. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून घर घेतलं होतं. आता समुद्राशी तेवढाच संबंध उरलाय.

तुम्ही म्हणाल, दुखणं पाठीचं, मग यात परीक्षा कुठे आली? ती आली गाडीच्या पार्किंगमुळे. सांगतो. माझी कंबर वळत नाही. गाडीतून उतरायचं तर दार सताड उघडावं लागतं. मग मी अख्खाच्या अख्खा बाहेरच्या बाजूला फिरतो, दोन्ही पाय एकदम बाहेर काढतो आणि दाराला धरून उभा राहतो. शेजारी गाडी लागलेली असली की दार उघडतं वीतभर. वीतभर फटीतून कपाट बाहेर निघतं का? तसाच मीही निघत नाही. बरं, गाडी मागे घेऊन मधल्या रस्त्यात उतरता येतं. पण मग रस्त्यात उभी ती गाडी लावायची कोणी? मी लावायला बसलो की पुन्हा आतच.

त्यामुळे ऑफिसच्या पार्किंगमधली खांबाशेजारची जागा धरायला मी भल्या पहाटे निघायचो. ती गेलेली असली की वैशालीला फोन. ती बिचारी बेडोकच्या तिच्या नोकरीवरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायची, गाडी लावायची, माझ्याकडे एक कटाक्ष टाकायची आणि परत जायची. यात माझ्या मीटिंगा बुडायला लागल्या. साहेब माणूस चांगला, पण त्यानेही एकदा दार लावून घेतलं आणि म्हणाला, "साळवी, तुम्हाला रोज वेळेवर येणं जमणार नसेल, तर मला दुसरा विचार करावा लागेल." जहाज सुटलं होतंच, आता ऑफिसही सुटणार. या कमरेच्या चीफला तिसरी नोकरी कोण देणार? मग खिडकीत बसून लोकांची जहाजं मोजायची. त्या विचाराने मला झोप लागत नव्हती, हे खरं सांगतो.

उपाय एकच होता. इथे लिफ्टजवळ व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या रुंद जागा असतात. गाडीच्या काचेवर अपंगांचं लेबल असेल तरच तिथे गाडी लावता येते. लेबलासाठी अर्ज करायचा आणि डॉक्टरने किंवा थेरपिस्टने तपासून लिहून द्यायचं, की या माणसाला चढताउतरताना जास्त जागा लागते. मी अर्ज केला, तारीख मिळाली. काम सरळ होतं. जाऊन, जसा आहे तसा दिसायचं.

आता इथे एक अडचण अशी, की मी बोटीवरचा माणूस.

बोटीवाल्याची मेडिकल तुम्हाला माहीत नसेल. डॉक्टरने 'फिट' लिहिलं तर बोटीवर चढायचं, 'अनफिट' लिहिलं तर घरी बसायचं. त्यामुळे ती तपासणी नसतेच, परीक्षा असते. माझ्या पहिल्या बोटीवरचे चीफ देवरुखचे होते. ते आम्हा पोरांना समोर बसवून शिकवायचे, "विचारलं नाही ते सांगायचं नाही. विचारलं तर 'नो सर'. आणि जीव गेला तरी हसायचं." आदल्या रात्री लवकर झोप, सकाळी केळं, भरपूर पाणी, गुळगुळीत दाढी, पांढरा इस्त्रीचा शर्ट. नजर अधू असलेले लोक भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून जायचे. मी एकाही मेडिकलला पडलो नाही. कमरेत कळा येत असताना हसत हसत फिट झालोय.

तर त्या दिवशी सकाळी वैशालीने बजावलं, "आज दुखण्याची गोळी घ्यायची नाही. कळू दे त्यांना काय हाल आहेत ते."

"हो," मी म्हणालो, आणि केळं सोललं.

मग पाणी प्यालो. मग दाढी केली. कपाटातून पांढरा शर्ट कधी काढला आणि त्याच्यावर इस्त्री कधी फिरवली, देव जाणे. आणि गोळी? गोळी हाताने घेतली हो. मला विचारलंसुद्धा नाही.

आमची कन्या रिया शाळेला निघाली होती. माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाली, "वा, पप्पा, सो स्मार्ट. गोइंग फॉर इंटरव्ह्यू, अह?"

वैशाली खाली बसून मोजे घालत होती. तिने मान वर केली. "हा शर्ट कशाला?"

"डॉक्टरकडे जायचं तर नीटनेटकं नको?"

तिने दुसरा मोजा चढवला. तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण तीही साधी, मीही साधा.

पत्ता बघितला तर इमारत ओळखीची निघाली. इथेच वरच्या मजल्यावर आमच्या कंपनीची मेडिकल व्हायची. लिफ्टचं दार उघडलं, स्पिरिटचा तोच वास आला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. पोट आत गेलं. चेहऱ्यावर हसू आलं. इथून पुढे जे झालं, ते मी केलं असं म्हणवत नाही. देवरुखकर चीफनी केलं.

थेरपिस्ट होती मिस लिम. किरकोळ चणीची, केसांची शेपटी बांधलेली, वयाने आमच्या रियाच्या मोठ्या बहिणीसारखी. फार प्रेमळ. बोलणं सगळं इंग्रजीतच चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगतो.

"मिस्टर साळवी, शून्य ते दहा, आत्ता किती दुखतंय?"

"दोन," मी हसून म्हणालो.

शेजारच्या खुर्चीत वैशालीला ठसका लागला.

"जिने चढताना त्रास होतो?"

"नो मॅडम."

"कपडे, बूट, मोजे स्वतःचे स्वतः घालता?"

"येस मॅडम."

वैशालीने आधी माझ्या मोज्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"आता हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा. जमेल तितकंच करा हं."

उठलो. बसलो. पुन्हा उठलो. कमरेत काहीतरी करकरलं, ते आत मला ऐकू आलं, बाहेर कोणाला ऐकू गेलं नसावं. "व्हेरी गुड!" मिस लिम म्हणाली. आणि या 'व्हेरी गुड'ने माझा घात केला. कित्येक वर्षांत माझ्या शरीराला कोणी व्हेरी गुड म्हणालं नव्हतं. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून "हं" म्हणतात, बस. मी विचारलं, "बाकीच्यांना किती वेळा जमतं?" ती हसली. मी अजून दोनदा उठून दाखवलं.

"अहो, काय चालवलंय काय?" वैशाली दबक्या आवाजात म्हणाली.

"थांब गं, होतंय."

मग कॉरिडॉरमध्ये चालायचं होतं. मिस लिम म्हणाली, सावकाश, घाई नको. पुढे एक आजी वॉकर घेऊन हळूहळू चालल्या होत्या. मी त्यांना ओव्हरटेक केलं. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझी छाती फुगली होती. सत्तरीच्या आजींना हरवलं होतं मी.

परत आलो तर वैशाली उभी राहिली. तिने स्पष्ट इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, हे घरी असे नसतात. यांना गाडीतून उतरता येत नाही."

मिस लिमने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "असं आहे का, मिस्टर साळवी?"

झालं ना? माउलीने संधी ताटात वाढून दिली होती. फक्त "हो" म्हणायचं होतं. मी काय म्हणालो असेन?

"बायका उगाच काळजी करतात, यू नो."

वैशाली खाली बसली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला इतकं गप्प बसवलं नव्हतं.

मिस लिमने लिहिलं, पेन खाली ठेवलं. "चांगली बातमी आहे, मिस्टर साळवी. तुम्ही फार छान सांभाळलंय. मला जास्त जागेची गरज दिसत नाही, त्यामुळे लेबलासाठी मी शिफारस करू शकत नाही."

"थँक यू, मॅडम. थँक यू व्हेरी मच." मी उठून हात मिळवला. दाराबाहेर आलो आणि वैशालीकडे बघून अंगठा वर केला. तोंडातून शब्दसुद्धा निघून गेला, "पास!"

ती माझ्याकडे बघत राहिली. लिफ्ट आली. लिफ्टचं दार बंद होत असताना माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि आता तो पडून काही उपयोग नव्हता.

"वैशाली, अगं..."

"फिट आहात ना?"

"अगं, ते सवयीने..."

"मग जा गाडी घेऊन. मी एमआरटीने जाते. आणि उद्यापासून मोजे तुमचे तुम्ही घाला. मी समोर बसून व्हेरी गुड म्हणेन."

ती तळमजल्यावर उतरली. मी एकटाच बेसमेंटला गेलो. आणि बघतो तर काय, सकाळी माझ्या दाराच्या बाजूची जी जागा रिकामी होती, तिथे एक पांढरी व्हॅन. इतकी चिकटून, की माझा आरसा आणि तिचा आरसा कानगोष्टी करत होते. वैशाली असती तर तिने सुर्रकन आत शिरून गाडी बाहेर काढली असती. वैशाली नव्हती.

गोळीचा जोरही तेवढ्यातच उतरायला लागला. आणि मी ती जी उठाबशांची शर्यत जिंकली होती, तिचं बक्षीस वसूल व्हायला लागलं. कमरेपासून टाचेपर्यंत कळ. खांबाला टेकून उभा राहिलो. वैशालीला फोन लावला आणि एक रिंग होताच कापला. सांगणार काय होतो? तिथे उभं असताना मला खूप भीती वाटली. साहेबाचं ते दार लावून घेणं आठवलं. रियाचं शाळेचं शेवटचं वर्ष आठवलं. आणि मी, शहाणा माणूस, दुखतंय एवढं एक वाक्य बोलू शकलो नव्हतो.

किती वेळ गेला कळलं नाही. लिफ्ट उघडली आणि हातात डब्याची पिशवी घेऊन मिस लिम आली. तिची गाडी समोरच होती.

"मिस्टर साळवी? अजून इथेच? सगळं ठीक ना?"

मी खांबापासून सुटा झालो, ताठ उभा राहिलो. "ऑल गुड, मॅडम. बायकोची वाट बघतोय."

"तुमची मिसेस तर मघाशी एमआरटीकडे जाताना दिसली मला, वरच्या खिडकीतून."

"हो, हो. म्हणजे निघतोच आहे."

"मग आधी तुम्ही काढा गाडी. मी थांबते."

आणि ती खरंच थांबली. आता आली का पंचाईत? मी गाडी आणि व्हॅनच्या मधल्या फटीत आडवा शिरलो. दार वीतभर उघडलं. एक पाय कसाबसा आत घातला, खांदा आत घातला, आणि कंबर अडकली. पुढे जाईना, मागे येईना. माझं डोकं आत, एक पाय आत, बाकीचा मी बाहेर.

मागून मिस लिमचा आवाज आला.

"सर, तुम्ही अडकलात का?"

"नो, नो. सीट बघतोय जरा."

तिच्या चपलांचा आवाज जवळ आला. "कशी आहे सीट?"

"ठीक आहे."

घामाचे थेंब नाकावरून त्या इस्त्रीच्या शर्टावर पडत होते. ती व्हॅनच्या मागे उभी राहिली. तिने पुन्हा विचारलं, "शून्य ते दहा?"

आणि माझं तोंड म्हणालं, "दोन."

मिस लिम जराशी हसली असावी, मला दिसत नव्हतं. मग म्हणाली, "सर, वरच्या मजल्यावर बोटीवाल्यांची मेडिकल होते. मी रोज बघते त्यांना. सगळे पांढरे शर्ट घालून असेच हसत असतात. पण मी तुम्हाला जहाजावर पाठवत नाहीये."

मला रडू आलं. उगाच आडपडदा कशाला ठेवू? डोकं गाडीत होतं म्हणून कोणाला दिसलं नाही, एवढीच काय ती अब्रू राहिली. स्टीअरिंगकडे बघत मी म्हणालो, "आठ."

मग तिने सिक्युरिटीवाल्या काकांना बोलावलं. काकांनी व्हॅनवाल्याला शोधून आणला. तो नूडल्स अर्धवट टाकून धावत आला, "सॉरी अंकल, सॉरी अंकल" करत. व्हॅन हलली, दार पूर्ण उघडलं आणि कपाट बाहेर निघालं. बाहेर बघतो तर वैशाली उभी. पुढच्या स्टेशनवरूनच परतली होती. म्हणाली, "तुम्ही फोन लावून कापलात, तेव्हाच समजले. फिट माणूस फोन कापत नाही." तिच्या आवाजात राग होताच, पण तिने माझा दंड धरला होता.

मिस लिमने त्या दिवशी डबा उशिरा खाल्ला. तिने तिथेच मला रुंद जागेत आणि अरुंद जागेत गाडीत चढायला, उतरायला लावलं, स्वतः बाजूला उभी राहून बघितलं, आणि आधीचं लिहिलेलं बदलून नवीन लिहिलं. मी मधूनच हसायला लागलो की वैशाली म्हणायची, "तोंड बंद." मी तोंड बंद करायचो.

लेबल आलं. पहिल्या दिवशी वैशाली मुद्दाम रजा टाकून माझ्याबरोबर ऑफिसपर्यंत आली. लिफ्टजवळच्या त्या रुंद जागेत मी गाडी लावली. दार सताड उघडलं. दोन्ही पाय बाहेर काढले आणि उभा राहिलो. घाई नव्हती, फोन नव्हता, कोणाच्या आरशाला धक्का नव्हता. पायात मोजे होते, आणि ते कोणी घातले होते हे मी सांगायला नको. वैशाली गाडीला टेकून माझ्याकडे बघत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी दारात अडकला होतात, तेव्हा मॅडमना तुम्ही आठ सांगितलंत."

"हो."

"खरं किती होतं?"

मी इकडेतिकडे बघितलं. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं.

"दहा."

"मग दहा सांगायला काय झालं होतं?"

"वेडी आहेस का तू? दहा सांगितलं की अनफिट लिहितात."